हवामानबदल आणि शासनांमधील सहकार्य : बोरगाव परिसराच्या संदर्भात एक अभ्यास

सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत बोरगाव वसले आहे. सौसर तहसिलीतील हे गाव पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात मोडत असे. 2023 मध्ये पांढुर्णा व सौसर या तहसिली मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला आणि गावाचा जिल्हा बदलला. राज्य मध्य प्रदेश, घरातील भाषा मराठी आणि मालाची बाजारपेठ बव्हंशी नागपूर, अशी या भागाची तिहेरी ओळख आहे. गावालगत औद्योगिक क्षेत्रातील कारखाने आहेत, तर भोवतालच्या शिवारात कापूस, तूर आणि संत्र्याच्या बागा आहेत.

संत्र्याची बाग ही ऋतुचक्रावरील विश्वासावर उभी असते. आंबिया बहार धरावयाचा तर हिवाळ्यात पाणी तोडून झाडांस ताण द्यावा लागतो व जानेवारीच्या सुमारास पाणी देऊन तो मोडावा लागतो; मग फुलोरा येतो. मृग बहाराचा ताण उन्हाळ्यात बसतो व जूनच्या पहिल्या चांगल्या पावसाने तो मोडतो. ताण बसण्याच्या ऐन दिवसांत अवकाळी पाऊस आला, तर बहार फुटत नाही. फळे वाटाण्याएवढी असता फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली, तर ती झाडाखाली दिसतात. एप्रिल-मे महिन्यांतील उष्णता नेहमीपेक्षा चढली की फळगळ सुरू होते आणि मृगाचा पाऊस लांबला की पुढील बहारही हातचा जातो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत विदर्भ, मराठवाडा व लगतच्या मध्य प्रदेशात झालेली व्यापक गारपीट शेतकऱ्यांच्या स्मरणात आहे.

प्रत्येक गारपीट हवामानबदलामुळेच होते, असे शास्त्रज्ञ म्हणत नाहीत. गारा पूर्वीही पडत होत्या. तथापि पृथ्वीचे सरासरी तापमान वाढत असून त्यामुळे उष्णतेच्या लाटा अधिक तीव्र होतात, हवा अधिक बाष्प धरते आणि थोड्या वेळात खूप पाऊस पडण्याचे प्रसंग वाढतात, याविषयी आता वाद उरलेला नाही. जागतिक हवामान संघटनेच्या मापनानुसार 2024 हे वर्ष औद्योगिक युगापूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे 1.55 अंश सेल्सिअसने अधिक उष्ण होते.

बोरगावच्या बागाईतदाराने ही उष्णता निर्माण केलेली नाही आणि त्याचा ग्रामपंचायतीचा ठराव ती कमी करू शकत नाही. मध्य प्रदेश शासनाने किंवा केंद्र शासनाने एकट्याने प्रयत्न केले, तरी ते पुरे पडणार नाहीत. यास्तव या प्रश्नावर जगातील शासनांना एकत्र बसावे लागले. ती कशी बसली, त्यांनी काय ठरविले, काय पाळले आणि त्यातून गावापर्यंत काय पोहोचले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वायूस सीमा नसते

दगडी कोळसा, डिझेल, पेट्रोल किंवा नैसर्गिक वायू जाळला की कार्बन डायॉक्साइड हा वायू हवेत मिसळतो. सूर्याचे ऊन पृथ्वीवर येण्यास तो फारसा अडथळा करीत नाही. परंतु तापलेली जमीन जी उष्णता परत अवकाशाकडे सोडते, तिचा काही भाग तो अडवून धरतो. हिवाळ्याच्या रात्री आभाळ ढगाळ असले तर थंडी कमी वाजते, हा सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे. ढग जमिनीची उष्णता अशीच अडवितात. धानाच्या साचलेल्या पाण्यातून व जनावरांच्या रवंथातून मिथेन आणि नत्रखतांतून नायट्रस ऑक्साइड हे वायूही याच जातीचे असून, वजनास वजन घेतले तर ते कितीतरी अधिक उष्णता धरतात.

या वायूंची दोन लक्षणे शासनांमधील वाटाघाटींस कारण झाली. पहिले असे की, ते साधारण वर्षभरात सर्व जगाच्या हवेत मिसळून जातात. परासियाच्या कोळशाचा धूर आणि अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाचा धूर यांत वातावरण भेद करीत नाही. दुसरे लक्षण अधिक महत्त्वाचे आहे. कार्बन डायॉक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके हवेत टिकतो. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे 280 भाग होते. आज ते 420 च्या वर गेले आहेत. ही वाढ आजच्या चुलींची व कारखान्यांची नव्हे. तीत दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधील गिरण्यांचाही वाटा शिल्लक आहे. भांडे आधीच बरेच भरलेले असताना जो उशिरा पंक्तीस आला, त्याने किती वाढून घ्यावे, हा या सर्व वादाचा गाभा होय.

पेंच नदीच्या कराराचा दाखला

दोन शासनांचा करार ही काय वस्तू असते, हे या भागातील लोकांना दूर जाऊन शिकावयास नको. बोरगावच्या पूर्वेस वाहणारी पेंच नदी छिंदवाडा जिल्ह्यातून महाराष्ट्रात उतरते आणि नागपूर जिल्ह्यात कन्हानला मिळते. तिच्या पाण्याबाबत मध्य प्रदेश व महाराष्ट्र या राज्यांमध्ये 1964 मध्ये करार झाला. मध्य प्रदेशाने 35 व महाराष्ट्राने 30 अब्ज घनफूट पाणी वापरावे, असे त्यात ठरले. पुढे तोतलाडोह येथे धरण व वीजगृह झाले आणि विजेचे वाटप दोनास एक या प्रमाणात, मोठा वाटा मध्य प्रदेशास, असे झाले.

अनेक वर्षे वरच्या राज्याचा वाटा पूर्णपणे वापरात नव्हता. ते पाणी खाली येत राहिले व नागपूर शहर आणि पेंच लाभक्षेत्रातील शेती त्यावर विसंबली. नंतर छिंदवाडा जिल्ह्यात चौरई येथे माचागोरा धरण पूर्ण होऊन मध्य प्रदेशाने आपला वाटा अडविण्यास सुरुवात केली. पाऊस अपुरा झाला तेव्हा खालचा तुटवडा उघड झाला आणि 2019 च्या जुलै महिन्यात नागपूर शहरास एक दिवसाआड पाणीपुरवठा करण्याची वेळ आली. मध्य प्रदेशाने करार मोडला होता, असे नव्हे. खालच्यांची सवय आणि वरच्यांचा हक्क यांची गाठ पडली, इतकेच.

आंतरराष्ट्रीय हवामान वाटाघाटींत हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर घडते. वातावरणाची धारणशक्ती ही जणू सामाईक नदी आहे. काही राष्ट्रांनी तिचा भरपूर वापर आधीच करून त्यावर आपली राहणी उभारली. इतरांचा वाटा कागदावरसुद्धा निश्चित झालेला नाही. शिवाय पेंचच्या बाबतीत दोन्ही राज्यांच्या वर केंद्र शासन आहे, न्यायालय आहे. राष्ट्रांच्या वर असे कोणीही नाही. एखादे राष्ट्र करारातून निघून गेले, तर त्यास परत आणणारा शिपाई जगात नाही.

निरीक्षणांची देवघेव

सहकार्याचा सर्वांत जुना व सर्वांत कमी गाजावाजा झालेला भाग म्हणजे हवामानाच्या नोंदींची देवघेव. वारे कोणत्याही सरहद्दीवर थांबत नसल्याने, एका देशाच्या नोंदींवरून त्याच देशाचे भाकीत करणे अशक्य आहे, हे एकोणिसाव्या शतकातच ध्यानात आले. 1873 मध्ये आंतरराष्ट्रीय हवामान संघटना स्थापन झाली. भारतीय हवामान विभाग 1875 चा आहे. जुन्या संघटनेची जागा 1950 मध्ये जागतिक हवामान संघटनेने घेतली व पुढे ती संयुक्त राष्ट्रांची अंगभूत संस्था झाली. राजकीय वैर असलेली राष्ट्रेदेखील आपल्या केंद्रांवरील तापमान, वायुभार व पाऊस यांचे आकडे नियमाने एकमेकांस कळवितात. हे नियमन कित्येक युद्धांतून टिकून राहिले, ही साधी गोष्ट नव्हे.

भारताच्या मोसमी पावसावर दूरच्या प्रशांत महासागराच्या पाण्याचा परिणाम होतो. तेथील विषुववृत्तालगतचे पाणी नेहमीपेक्षा तापले की त्यास एल निनो म्हणतात व अशा अनेक वर्षांत भारतात पाऊस कमी पडतो. 1982-83 चा प्रबळ एल निनो वेळेवर ओळखता आला नाही. त्यानंतर अमेरिका, जपान आदी देशांनी मिळून त्या महासागरात तरंगती निरीक्षणयंत्रे नांगरून ठेविली. आज एप्रिल महिन्यात पावसाळ्याचा जो पहिला अंदाज प्रसृत होतो व ज्याकडे पाहून सौसरचा शेतकरी बियाणे-खताची तजवीज करतो, त्यामागे या परदेशी नोंदींचाही आधार असतो.

याच पायावर 1988 मध्ये जागतिक हवामान संघटना व संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी मिळून हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळ स्थापन केले. हे मंडळ स्वतः प्रयोग करीत नाही. जगभर प्रसिद्ध झालेल्या संशोधनाची छाननी करून शासनांपुढे अहवाल ठेवते. अहवालाच्या सारांशातील प्रत्येक ओळ शासनांच्या प्रतिनिधींकडून मान्य करून घेतली जाते. यामुळे काम संथ होते व भाषा सावध बनते. परंतु एकदा मान्य झालेला निष्कर्ष आपणांस ठाऊक नव्हता, असे पुढे कोणत्याही शासनास म्हणता येत नाही. 2007 चे शांततेचे नोबेल पारितोषिक या मंडळास व अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांस विभागून मिळाले. त्या वेळी मंडळाचे अध्यक्ष भारताचे राजेंद्र पचौरी होते.

यशस्वी ठरलेला एक करार

शासनांचे करार कागदावरच राहतात, असा समज सर्वत्र आढळतो. त्यास ठळक अपवाद आहे. फ्रीज, शीतगृहे व फवाऱ्याचे डबे यांत वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंमुळे वातावरणातील ओझोनचा थर विरळ होत असल्याचे उघडकीस आले आणि 1987 मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल येथे त्यावर करार झाला. भारत आरंभी त्यात सामील झाला नाही. नवे तंत्र महाग होते व ते श्रीमंत राष्ट्रांच्या कारखान्यांकडे होते. त्याचा खर्च गरीब राष्ट्रांनी का सोसावा, असा भारताचा व चीनचा रास्त प्रश्न होता. 1990 मध्ये लंडन येथील बैठकीत या खर्चासाठी सामाईक निधी उभारण्याचे ठरले आणि 1992 मध्ये भारताने करार स्वीकारला. 2010 पासून या वायूंचा सर्वसाधारण वापर बंद झाला. ओझोनचा थर आता सावरत आहे.

या वायूंच्या जागी आलेले हायड्रोफ्लुरोकार्बन वायू ओझोनला अपाय करीत नसले, तरी उष्णता मात्र फार धरतात. म्हणून 2016 मध्ये रवांडाची राजधानी किगाली येथे करारास दुरुस्ती जोडण्यात आली. भारताने ती 2021 मध्ये मान्य केली असून 2032 पासून हे वायू टप्प्याटप्प्याने कमी करावयाचे आहेत. संत्रा साठविण्यासाठी उभारल्या जाणाऱ्या शीतगृहांच्या मालकांनी व सौसर-पांढुर्ण्याच्या फ्रीज दुरुस्ती कारागिरांनी यंत्रात कोणता वायू भरला जातो हे विचारून घेणे, एवढ्यासाठी हिताचे आहे.

मॉन्ट्रियलचा करार साधला, याची कारणे उघड आहेत. हे वायू बनविणारे कारखाने मोजके होते, पर्यायी वायू हाताशी होते आणि पैसा कोण देणार हे ठरले होते. कोळसा व तेल यांच्याबाबत यांतील एकही गोष्ट तितकी सोपी नाही.

रिओपासून पॅरिसपर्यंत

1972 मध्ये स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणविषयक पहिली मोठी परिषद भरली. यजमान स्वीडन सोडल्यास त्या परिषदेस उपस्थित राहिलेल्या एकमेव शासनप्रमुख भारताच्या पंतप्रधान इंदिरा गांधी होत्या. दारिद्र्याचा प्रश्न बाजूस ठेवून पर्यावरणाचा विचार करता येणार नाही, ही त्यांनी तेथे मांडलेली भूमिका पुढील सर्व वाटाघाटींत भारताने सोडली नाही.

1992 मध्ये ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे हवामानबदलविषयक आराखडा करार झाला व तो मार्च 1994 मध्ये अमलात आला. जबाबदारी सर्वांची आहे, परंतु ती सारखी नाही. ज्याने अधिक प्रदूषण केले व ज्याची ऐपत अधिक, त्याने अधिक भार उचलावा, हे तत्त्व त्यात नमूद झाले. गावातील वर्गणी ऐपतीप्रमाणे बसविण्याची रीत ज्यांस ठाऊक आहे, त्यांस हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. वर्गणी वसूल कशी करावयाची, हा भाग मात्र गावातही कठीण असतो.

वसुलीचा पहिला प्रयत्न म्हणजे 1997 चा जपानमधील क्योटो करार. औद्योगिक राष्ट्रांनी 2008 ते 2012 या काळात आपले उत्सर्जन 1990 च्या तुलनेत सरासरी सुमारे 5 टक्क्यांनी घटवावे, असे बंधन त्यात होते. अमेरिकेने त्यास मान्यता दिलीच नाही. कॅनडाने 2011 मध्ये बाहेर पडण्याचे जाहीर केले. विकसनशील राष्ट्रांवर बंधन नव्हते आणि नेमक्या याच वर्षांत चीनचे उत्सर्जन झपाट्याने वाढले. त्यामुळे बंधनकारक आकडे वरून नेमून देण्याची पद्धत मागे पडली.

12 डिसेंबर 2015 रोजी पॅरिस येथे जो करार झाला, त्याची घडण निराळी आहे. तापमानातील वाढ 2 अंशांपेक्षा पुष्कळ खाली ठेवावी व ती 1.5 अंशांवर रोखण्याचा प्रयत्न करावा, हे ध्येय सर्वांनी मान्य केले. ते गाठण्यासाठी कोणी किती करावयाचे, हे मात्र प्रत्येक राष्ट्राने स्वतः जाहीर करावयाचे आहे. दर पाच वर्षांनी नवे व पूर्वीपेक्षा चढते योगदान जाहीर करावे, केलेल्या कामाचा हिशेब ठराविक नमुन्यात सादर करावा व तो इतरांस तपासू द्यावा, एवढेच बंधन आहे. शिक्षा नाही, लोकलाज आहे. लोकलाज कितपत पुरी पडते, याचे उत्तर संमिश्र आहे. अमेरिका 2020 मध्ये करारातून बाहेर पडली, 2021 मध्ये परत आली आणि 20 जानेवारी 2025 रोजी तिच्या नव्या अध्यक्षांनी पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश काढला. त्यामागोमाग इतर मोठी राष्ट्रे मात्र बाहेर पडली नाहीत, हेही नमूद केले पाहिजे.

भारताने 2 ऑक्टोबर 2016 रोजी पॅरिस करारास मान्यता दिली. राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागे होणारे उत्सर्जन 2005 च्या तुलनेत 2030 पर्यंत 45 टक्क्यांनी कमी करणे आणि वीजनिर्मितीची निम्मी क्षमता कोळसा, तेल व वायू यांव्यतिरिक्त साधनांतून उभारणे, ही 2022 मध्ये सुधारलेली उद्दिष्टे आहेत. यांपैकी दुसरे उद्दिष्ट 2025 मध्येच गाठले गेले. क्षमता निम्मी झाली याचा अर्थ वीजही निम्मी झाली, असा मात्र घेऊ नये. सूर्य रात्री नसतो. प्रत्यक्ष विजेचा मोठा भाग अजूनही कोळशापासूनच मिळतो.

शिक्षकांनी वर्गात एक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. भारतात दरडोई वर्षाला सुमारे 2 टन कार्बन डायॉक्साइड हवेत जातो. जगाची सरासरी साडेचार टनांच्या वर, चीनची सुमारे 8 टन व अमेरिकेची सुमारे 14 टन आहे. दरडोई पाहिले तर भारत तळाकडे आहे. एकूण बेरीज केली तर चीन व अमेरिकेनंतर तिसरा आहे. दोन्ही आकडे खरे आहेत. कोणता आकडा पुढे करावयाचा, यावरच परिषदांचे दिवस खर्ची पडतात.

परासियाचा कोळसा व ग्लासगोची बैठक

या वादाचा एक धागा थेट या परिसरात येऊन पोहोचतो. छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया, जुन्नारदेव, चांदामेटा हा पट्टा पेंच-कन्हान कोळसाक्षेत्र म्हणून ओळखला जातो. इंग्रजी अमदानीपासून तेथे खाणी आहेत आणि 1975 पासून त्या वेस्टर्न कोलफील्ड्स या नागपूर येथे मुख्यालय असलेल्या सरकारी कंपनीकडे आहेत. जुन्या भूमिगत खाणींपैकी कित्येक बंद झाल्या असून त्यांवर वाढलेल्या वसाहतींमध्ये रोजगाराचा प्रश्न निर्माण झाला आहे. म्हणजे घाटाच्या वर ज्या इंधनावर पिढ्यांनी पोट भरले, त्याच इंधनाचा परिणाम घाटाखालील बागांवर होतो आहे. दोन्हीकडे एकमेकांचे आप्त राहतात.

2021 च्या नोव्हेंबर महिन्यात स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे भरलेल्या परिषदेत कोळशाचा वापर संपविण्याचे वाक्य मसुद्यात आले होते. अखेरच्या घटकेस भारताचे पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी 'संपविणे' ऐवजी 'घटविणे' असा बदल सुचविला व तो मान्य झाला. या एका शब्दाबद्दल भारतावर परदेशांत पुष्कळ टीका झाली. श्रीमंत राष्ट्रे स्वतः जाळीत असलेल्या तेलाचा व वायूचा त्या वाक्यात उल्लेखही नव्हता, ही गोष्ट टीकाकार सोयीस्करपणे विसरले. दुसऱ्या बाजूस, 2070 पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याची घोषणा भारताने याच परिषदेत केली. शून्याकडे जाण्याच्या वाटेवर परासियाच्या कामगाराचे काय, हा प्रश्न ग्लासगोत नव्हे, तर भोपाळ, दिल्ली व नागपूर येथे सोडवावा लागेल.

पैसा कोठपर्यंत पोहोचतो

2009 मध्ये कोपनहेगन येथे विकसित राष्ट्रांनी 2020 पर्यंत दरवर्षी 100 अब्ज डॉलर उभे करण्याचे कबूल केले होते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या हिशेबाप्रमाणे हा आकडा प्रथम 2022 मध्ये, म्हणजे दोन वर्षे उशिरा गाठला गेला. त्यातही सार्वजनिक पैशाचा सुमारे दोन तृतीयांश भाग कर्जाच्या रूपाने होता. 2024 मध्ये अझरबैजानची राजधानी बाकू येथे 2035 पर्यंत दरवर्षी 300 अब्ज डॉलरचे नवे उद्दिष्ट ठरले. विकसनशील राष्ट्रांची मागणी 1,300 अब्जांची होती. भारताने सभागृहातच या निर्णयास हरकत घेतली.

एवढ्या मोठ्या रकमांतून या भूप्रदेशात काय आले? क्योटो कराराखाली अनुकूलन निधी नावाचा एक लहान निधी स्थापन झाला होता. बदललेल्या हवामानात तग धरण्यासाठी गरीब राष्ट्रांतील गावांस साहाय्य करणे, हे त्याचे काम. भारतात नाबार्ड ही त्याची अधिकृत संस्था आहे. 2015 मध्ये या निधीने मध्य प्रदेशातील कान्हा व पेंच या अभयारण्यांमधील जंगलपट्ट्यातील गावांसाठी सुमारे 25 लाख डॉलरचा प्रकल्प मंजूर केला. सीमेपलीकडे महाराष्ट्रात जागतिक बँकेच्या 42 कोटी डॉलरच्या कर्जातून 2018 पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प राबविण्यात आला. संत्र्यासाठी प्रसिद्ध असलेला अमरावती जिल्हा त्यात होता. ठिबक, शेततळी, फळबागा, मृदसंधारण अशी कामे त्यातून झाली. पहिला पैसा अनुदानाचा व थोडा. दुसरा भरपूर, पण कर्जाऊ. वरूडची बाग व पांढुर्ण्याची बाग एकाच आकाशाखाली व बहुधा एकाच कलमावरची असते. राज्याची सीमा मध्ये असल्याने योजना मात्र निराळ्या होतात. अशा लगतच्या पट्ट्यांसाठी दोन्ही राज्यांनी संयुक्त योजना आखल्यास ती या भागाच्या अधिक सोयीची होईल.

याहून नवा विषय नुकसानभरपाईचा आहे. कितीही तयारी केली तरी काही हानी टळत नाही. ती कोणी भरून द्यावी? बेटांची राष्ट्रे तीस वर्षे हा प्रश्न विचारीत होती. 2022 मध्ये इजिप्तमधील शर्म अल-शेख येथे हानी व नुकसान निधी स्थापण्याचे ठरले व 2023 मध्ये दुबई येथे तो कार्यान्वित झाला. आरंभी आलेली आश्वासने सुमारे 70 कोटी डॉलरची होती. साऱ्या जगाच्या हानीपुढे ही रक्कम नाममात्र आहे. ही भरपाई कायदेशीर देणे म्हणून नव्हे, तर स्वेच्छेचे साहाय्य म्हणून दिली जाते, यावर श्रीमंत राष्ट्रे ठाम आहेत.

गावातील नोंदी

आज बोरगाव परिसरातील एखाद्या बागेत गारपीट झाली, तर मदत मिळते ती मध्य प्रदेश शासनाच्या राजस्व पुस्तक परिपत्रक 6(4) अन्वये व पीक विमा घेतला असल्यास विम्यातून. जिनिव्हा किंवा दुबईहून सरळ सौसरला काही येत नाही व नजीकच्या काळात येण्याचा संभवही दिसत नाही. आंतरराष्ट्रीय निधी राष्ट्रीय शासनामार्फत, प्रकल्पाच्या रूपाने येतो. प्रकल्प मागताना मात्र पहिला प्रश्न एकच असतो : हवामान बदलले, याचा या ठिकाणचा पुरावा काय?

येथे गावाचे काम सुरू होते. तहसिलीच्या ठिकाणी एक पर्जन्यमापक असला, तरी सातपुड्याच्या पायथ्याशी दोन कोसांवर पाऊस निराळा असतो. शाळेच्या मोकळ्या अंगणात, झाडा-भिंतींपासून दूर, साधा पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठ वाजता मापन लिहिण्यास विशेष खर्च येत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे गणित सहावीचा विद्यार्थी करू शकतो. त्याजोडीस बागाईतदारांनी ताण कधी दिला, फुलोरा कोणत्या तारखेस दिसला, फळगळ किती झाली व विहिरीची पातळी दर महिन्यास किती खाली गेली, एवढे वहीत टिपून ठेवावे. एका वर्षाच्या नोंदीस फारसे मोल नसते. सलग दहा वर्षांच्या नोंदीकडे कृषी अधिकारी, संशोधक व विमा कंपनी या सर्वांस पाहावे लागते.

पटवारी गारपिटीनंतर पंचनामा करतो, त्यात पीक, क्षेत्र व नुकसानीची टक्केवारी असते. गारा पडल्या तो दिवस, वेळ, गारांचा अंदाजे आकार आणि बहार कोणत्या अवस्थेत होता, हे शेतकऱ्याने त्याच वेळी सांगितले व ते पंचनाम्यावर उतरले, तर तो कागद मदतीच्या प्रकरणापुरता न राहता त्या वर्षाच्या हवामानाचाही दस्तऐवज होतो. सध्या बहुतेक पंचनाम्यांत हा मजकूर आढळत नाही.